पान एक्कावन्न

तो पहिल्यांदा वाचनालयाच्या दारात आला तेव्हा मी स्टुलावर उभी होते. पदर कमरेला खोचलेला, केसांत जळमटं, आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलेलं एक घमेलं. कुणी कुणाला पहिल्यांदा कसं दिसावं याचे जे काही नियम पुस्तकांत असतात, त्यातला एकही मी पाळला नव्हता.

परतीचा पाऊस होता. लोहाऱ्यात हा पाऊस बरोब्बर सोयाबीन काढायच्या वेळेला येतो, आणि आमच्या वाचनालयात बरोब्बर मागच्या कपाटावर.

"आत येऊ का?"

"विचारता काय? ती पुस्तकं धरा आधी!"

खांद्यावरची पिशवी दारातच टाकून तो धावला. मी एका हातानं घमेलं सावरत पुस्तकं काढून देत गेले, तो घेत गेला. दहा, वीस, तीस… शेवटी गठ्ठा त्याच्या हनुवटीला टेकला. चष्म्यावर पाण्याचे थेंब, आणि पुसायला हात मोकळा नाही.

"कुणाची आहेत एवढी?" गठ्ठ्याआडून आवाज आला.

"सुहासिनी अंबर्डेकरांची. सगळी बेचाळीस."

तो हसायला लागला. इतका, की वरची तीन घसरून खाली पडली.

"हसता काय? भिजतील ना!"

"मॅडम, उमरग्याहून जीपला लटकून आलो तो याच बाईंना भेटायला. पण अशा एकदम गळ्यात पडतील असं वाटलं नव्हतं."

मी घमेल्यातल्या पाण्याकडं बघितलं. हसू आलं की हात हलतो, आणि हात हलला की पाणी सांडतं… म्हणून.

त्याचं नाव अमृत. गाव भूम, नोकरी उमरग्याच्या कॉलेजात मराठी शिकवायची, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढं मानधन, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते पुढच्या वर्षी. वय त्रेचाळीस. "तासिकेवरच्या माणसाला पोरगी कोण देतंय," असं तो स्वतःच हसत सांगायचा, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत.

माझं नाव प्रीती. त्याला माझा इलाज नाही. आईनं ठेवलं, अंबर्डेकरांच्याच कुठल्याशा नायिकेवरून. वय एकेचाळीस. शिक्षण बारावी आणि ग्रंथपालाचा सहा महिन्यांचा कोर्स, बाकीचं या कपाटांनी शिकवलं. लग्न एकदा झालं होतं. दीड वर्षात परत आले. ती एक वेगळी कादंबरी आहे, छोटी आणि कंटाळवाणी, केव्हाच रद्दीत घातलेली.

आजच्या पोरींना अंबर्डेकर ठाऊक नसतील म्हणून सांगते. बाई पुण्याच्या. तीस-बत्तीस वर्षं लिहीत होत्या. प्रत्येक कादंबरीत एक बंगला, बंगल्याला फाटक, फाटकावर मधुमालती. नायिकेची वेणी कमरेपर्यंत, नायकाच्या कोटाला सिगारेटचा मंद वास. गाडी नेमकी पावसातच बंद पडायची. आणि शेवटी नायिका आपलं गाणं, नोकरी, शिक्षण, जे काही असेल ते सोडून द्यायची आणि 'डोळे मिटून घ्यायची'. मोठ्या समीक्षकांनी बाईंवर कधी एक ओळ लिहिली नाही. आणि आमच्या आयांनी बाईंची एक ओळ सोडली नाही.

"बाई वाईट लिहायच्या," अमृत चष्मा पुसत म्हणाला. "पण एवढं कोण वाचत होतं, हे कुणी मोजलंच नाही. मला तुमची देवघेवीची जुनी रजिस्टरं बघायचीत. पीएचडीसाठी."

"तुम्ही किती वाचल्यात त्यांच्या?"

"…तीन."

"आणि वाईट ठरवल्या बेचाळीस."

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "चहा मिळेल का?"

"आधी चौथी वाचा." मी गठ्ठ्यातली 'वासंतीचा होकार' काढून त्याच्यापुढं ठेवली.

"काय आहे हिच्यात?"

"वासंती हो म्हणते."

"कधी?"

"तीनशे बाराव्या पानावर."

"आणि तोवर?"

"तोवर तो येतो-जातो."

मग तोही येऊ-जाऊ लागला. दर बुधवारी आणि शनिवारी. खिडकीपाशी बसायचा, समोर रजिस्टरांचा ढीग, बाहेर मळणीयंत्राचा घरघराट आणि सोयाबीनच्या भुसाचा कोरडा वास. आधी मला मॅडम म्हणायचा. मग सगळे म्हणतात तसं ताई म्हणायला लागला. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही बंद. "ऐका ना…", "जरा इकडं—", "ते अठ्ठ्याहत्तरचं रजिस्टर मिळेल का…" आणि जिथं हाक यायची तिथं नुसती एक मोकळी जागा.

अभ्यासिकेत परीक्षेची तयारी करणारी शिवांजली पेन चावत म्हणाली, "मॅडम, त्या सरांचं 'ताई' बंद झालंय, बघितलं का?"

"तू चालू घडामोडी वाच."

"तेच करतेय."

एक गोष्ट मात्र मला खटकायची. तो फक्त रजिस्टरं बघायचा. नावं लिहून घ्यायचा, रेघा मारायचा, टक्के काढायचा. बेचाळीस पुस्तकं त्याच्या पाठीमागं उभी, पण त्यांच्याकडं वळून बघत नसे. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण जे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, ते कुणाला सांगावं लागतं हेच सुचत नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्याचा लेख पेपरच्या पुरवणीत आला. तो मला त्यानं दाखवला नाही, आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष बलभीमराव यांनी दाखवला. सोमवारी सकाळी सकाळी, मोठ्यानं वाचून.

"'…शंभर वाचकांपैकी सत्त्याण्णव पुरुष. अंबर्डेकर ही बायकांची लेखिका होती, ही केवळ दंतकथा आहे. फावल्या वेळात पुरुषांनी चघळलेल्या या गोड गोळ्या काळाने केव्हाच बाजूला ठेवल्या आहेत.' प्राध्यापक माणूस म्हणतोय बघा, प्रीतीबाई. मी तर कधीचा म्हणतोय. शनिवारच्या मीटिंगला विषय घेतो. मागचं कपाट निर्लेखित करून टाका."

निर्लेखन म्हणजे पुस्तक मेलं असं कागदोपत्री ठरवायचं, आणि मग रद्दीत. बलभीमराव काही वाईट माणूस नव्हे. अभ्यासिकेत जागेसाठी पोरांची रांग असते, दोन टेबलं कुठं टाकावीत हा त्यांचा खरा प्रश्न होता. आणि उत्तर अमृतनं लिहून दिलं होतं.

लेखाच्या खाली बारीक अक्षरात होतं, 'ग्रंथपाल प्रीतीताई सरवदे यांचे आभार.'

छापताना बरी ताई आठवली!

बुधवारी तो पेढे घेऊन आला. पहिलाच लेख छापून आलेला माणूस जसा दिसतो तसा दिसत होता. नवीन शर्ट, भांग पाडलेला.

"वाचला?"

"वाचून दाखवला मला. शनिवारी ही सगळी पुस्तकं रद्दीत जाणार आहेत. तुमच्या लेखाच्या आधारानं."

त्याचा पेढ्याचा हात तसाच राहिला.

"रजिस्टरात पुरुषांची नावं आहेत," मी म्हणाले, "कारण वर्गणी पुरुषांच्या नावानं. तेव्हा इथं बाईच्या नावावर खातं कोण काढत होतं? नवरा बाजारला यायचा. पिशवीत भाजी, चहापत्ती, आणि एक कादंबरी. ती बायकोसाठी. आता बायकोनं कोणती वाचली, कोणती राहिली, हे त्याला काय कळतंय? त्याला सगळ्या सारख्याच. म्हणून…"

मी हाताला आलं ते पुस्तक काढलं आणि एक्कावन्नावं पान उघडून त्याच्यापुढं आपटलं.

प्रत्येक वाचनालयाचं एक गुपित पान असतं. वरचं पान कुणी फाडलं तरी पुस्तक आपलंच आहे हे कळावं म्हणून आतल्या एका ठरावीक पानावर शिक्का मारतात. आमचं पान एक्कावन्न. हे गुपित गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. शिक्क्याभोवती खुणाच खुणा होत्या. तीन टिंबं, एक मोर, विळी, करंडा, कुंकवाच्या बोटाचा डाग, फणी, चांदणी. एकेक बाई, एकेक खूण.

"पुस्तक घरी आलं की पहिल्यांदा हे पान उघडायचं. आपली खूण दिसली की म्हणायचं, ही झालीय माझी, परत नेऊन द्या."

अमृत हळूच खाली बसला. "म्हणजे माझे सत्त्याण्णव पुरुष…"

"हमाल."

बाजूच्या टेबलावर शिवांजली फस्सकन हसली आणि पुस्तकात तोंड घालून बसली.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"मला विचारलंत कुठं? रजिस्टरला विचारत होतात."

मला वाटलं चिडेल. लेख छापून आलेली माणसं चिडतात. पण त्यानं चष्मा काढला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि बघत राहिला… लहान मूल वारुळाकडं बघतं तसा. मग दुसरं पुस्तक उघडलं. तिसरं. पेढ्यांचा पुडा तसाच उघडा.

"ही कुणाची?"

त्याच्या बोटाखाली एक छोटं पिंपळपान होतं.

मी खिडकीबाहेर बघितलं. "माझ्या आईची."

आई, भिमाबाई, सात वर्षांपूर्वी गेली. चौथीपर्यंत शिकलेली. तिचं घरात एक पत्र नाही, वही नाही. तिच्या हातचं जे काही या जगात उरलंय, ते या पुस्तकांत एक्कावन्नाव्या पानावर आहे. हे मी त्याला सांगितलं नाही. पण तो विचारायचं थांबला, म्हणजे त्याला कळलं असावं.

"उठा," पुस्तक मिटत तो म्हणाला.

"कुठं?"

"विचारायला. या वेळी रजिस्टरला नाही."

तीन टिंबं सारजाबाईंची हे मला माहीत होतं. तहसीलच्या मागच्या गल्लीत राहतात, वय ब्याऐंशी. ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मान वर करून त्यांनी आधी अमृतला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"ह्यो कोन गं? जावाई का?"

"नाही मावशी, प्राध्यापक आहेत."

"मंग बसू दे तसाच. जावाई असता तर चटई टाकावी लागली असती."

अमृत तसाच बसला, खाली बघत. कान लाल. त्यानं अंबर्डेकरांचं नाव काढलं मात्र, सारजाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"भूकंप झाला त्या साली लई वाचली म्या. घरं पडली हुती समद्यांची. वरीसभर पत्र्याच्या शेडात ऱ्हायलो. ऊन असं तापायचं… मंग दुपारच्याला जायाचं बाईंच्या बंगल्यात. बसायचं दोन घटका मधुमालतीखाली. तिथल्या भिती पडत न्हवत्या बाबा."

अमृतच्या हातात वही होती, पण तो लिहीत नव्हता.

"पण मावशी, शेवटी ती सगळं सोडून देते. गाणंबिणं. तुम्हाला राग नाही यायचा?"

"आला की! शेवटचं पान बघ जा. लिव्हलंय म्या. 'येडी हाय ही' म्हून."

"पुस्तकात लिहिलंत?" मी ग्रंथपालाच्या आवाजात विचारलं.

"आता दंड घेती का माझा? घे!" आणि मग माझ्याकडं बोट करून त्याला म्हणाल्या, "हिच्या आईनं सुरू केलं त्ये. त्यो 'बंगला नंबर सात' काढून बघ. त्यात ती चा घिऊन येती ना, मोलकरीन. येती न जाती, येती न जाती. तिथं भिमानं पेन्सलीनं लिव्हलं हुतं, 'हिला नाव नाही का?'"

मी आईचं ते वाक्य कधी बघितलं नव्हतं. मी एक्कावन्नाव्या पानावरच थांबायचे; पुढच्या गोष्टी आईनं तोंडी सांगितलेल्या, पानांच्या आकड्यांसकट. आई तेव्हा एका साहेबांच्या बंगल्यावर भांडी घासायला जायची. आमच्यातली बाई त्या कादंबऱ्यांत कधी फाटकाच्या आत आलीच, तर मागच्या दारानं.

"म्या वाचलं न लाजच वाटली," सारजाबाई म्हणाल्या. "इतक्यांदा वाचली, पर चा कोन घिऊन येतंय ते दिसलंच न्हवतं आमाला. मंग म्या खाली नाव लिव्हलं, गोदावरी. माझ्यामागनं कुनी वाचली तिनं गोदावरीला नवरा दिला. तिसरीनं त्यो दारुडा निघाला म्हून सोडायला लावला. एकीनं तिला रातीच्या साळंत घातली. कुनी घातली मला ठाव न्हाय, पर बरं केलं."

परत येताना आम्ही जवळजवळ पळतच होतो. रस्त्यात एस.टी.नं अंगावर चिखल उडवला, तरी थांबलो नाही.

'बंगला नंबर सात' आम्ही खिडकीपाशी उघडली. सारजाबाईंनी सांगितलं होतं तसंच, आणि त्याहून जास्त. वेगवेगळी अक्षरं, शाई, पेन्सिल, एके ठिकाणी तर काजळ. आणि पुढच्या प्रत्येक कादंबरीत समासात गोदावरी. कुठं ती नर्स झालेली, कुठं तिनं बाईसाहेबांना सुनावलेलं. सगळ्यांच्या वर, पहिल्या पुस्तकात, आईचं वाकडंतिकडं अक्षर. 'हिला नाव नाही का?'

मी ते बोटानं वाचलं. अमृतनं त्याचा रुमाल माझ्याकडं सरकवला, माझ्याकडं न बघता. रुमालाला पेढ्याचा वास होता.

मग तो एकदम म्हणाला, "एक मिनिट. या पानाचा देठ निळा आहे."

"काय?"

"तुमच्या आईचं पिंपळपान. पान साध्या पेन्सिलीचं आहे. देठ निळ्या पेन्सिलीचा. इथंही. इथंही… सगळीकडं."

लहानपणापासून बघत होते मी ते पान. कधी दिसलं नव्हतं. चार पुस्तकं तर अशी निघाली, आई गेल्यानंतर देणगीत आलेली, की त्यात पिंपळपान नव्हतंच. नुसता एक निळा देठ.

निळी पेन्सिल आमच्या वाचनालयात एकाच माणसाकडं असायची. पुस्तक परत आलं की रजिस्टरात निळी रेघ मारायचं काम शिपायाचं. आणि शिपाई होते माझे वडील.

आबा, श्रीपती सरवदे, वय अठ्ठ्याहत्तर, रिटायर होऊन वीस वर्षं झाली, तरी रोज दुपारी कोपऱ्यातल्या खुर्चीत येऊन बसतात. पेपर वाचायला, असं ते म्हणतात.

"आबा, तुम्ही अंबर्डेकर वाचता?"

"छ्या! बायकी पुस्तकं."

अमृतनं ती चार पुस्तकं उघडून त्यांच्या पेपरवर ठेवली.

आबांनी एकेक देठ बघत पुस्तकं बाजूला ठेवली. मग पेपरची घडी घातली. नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"ती चुलीपुढं बसून रडायची. इचारलं, का रडती? तर म्हनायची, तुमाला न्हाय कळायचं. मंग म्या हितं दुपारच्याला, रजिस्टर म्होरं धरून वाचायचो. कशापायी रडती ते कळावं म्हून. सांगितलं न्हाय कधी. नुसता तिच्या पानाला देठ लावायचा."

"आणि आईला कळलं?"

"एकदा म्हनली, पानाला देठ फुटलाय म्हनं." आबा हसले. "बास. तेवढंच."

"मग रडायची थांबली?"

"न्हाय. रडायचीच. पर मंग कशापायी त्ये मला सांगायची."

"आणि ही चार?" अमृतनं हळूच विचारलं.

"ती तिची ऱ्हायली हुती ना." आबांनी चष्मा पुसायला घेतला. "कुनीतरी वाचाय पायजे."

बाहेर मळणीयंत्र थांबलं होतं. माझ्या शेजारी उभं राहून अमृत म्हणाला, "प्रीती…"

नुसतं प्रीती. नाव पूर्ण म्हणाला. वाक्य मात्र अर्ध्यातच राहिलं, कारण उमरग्याची शेवटची जीप हॉर्न वाजवत होती.

शनिवारी मीटिंगला सातच लोक होते. विषय क्रमांक तीन, मागचे कपाट. अमृत उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"मी चुकलो," तो म्हणाला.

बलभीमरावांनी कात्रण वर धरलं. "पेपरात छापलेलं चूक कसं असंल?"

"मीच लिहिलंय, म्हणून सांगतोय. मी वाचणाऱ्यांना मोजलं नाही, वाहून नेणाऱ्यांना मोजलं. बाई थोर होत्या असं मी अजूनही म्हणणार नाही. पण बाईंनी बेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्रेचाळिसावी या गावच्या बायकांनी समासात लिहिली. ती अख्ख्या महाराष्ट्रात इथं एकाच कपाटात आहे. ती रद्दीत गेली तर माझ्या लेखामुळं जाईल. पेपरला दुरुस्ती पाठवलीय. छापतील का माहीत नाही. प्रबंधातलं एक प्रकरण तर फाडूनच टाकलंय."

आणि त्यानं एक पुस्तक एक्कावन्नाव्या पानावर उघडून टेबलावर ठेवलं. ते हातोहात फिरत बलभीमरावांपाशी गेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान लांब धरलं, जवळ धरलं.

"ही फणी…"

त्यांनी खुणेवरून अंगठा फिरवला.

"ही आईची खूण आहे. हरणाबाईची. लोणच्याच्या बरणीवर, पापडाच्या डब्यावर, आमच्या घरी सगळ्या भांड्यांवर हीच फणी." त्यांचा आवाज बदलला होता. "आई वाचायची? आम्हाला वाटायचं, आमचे अण्णा वाचतात."

मग त्यांनी शेरा लिहिला. ज्या पुस्तकांत खुणा असतील ती राहतील, बाकीची निर्लेखित. त्या दुपारी मी आणि शिवांजलीनं सगळी उघडून बघितली. बेचाळीसच्या बेचाळीस राहिली. अभ्यासिकेची दोन टेबलं त्या कपाटाला खेटून लागली, आणि शिवांजलीनं चालू घडामोडींच्या खाली 'बंगला नंबर सात' ठेवली आहे, हे मला दिसत नाही असं तिला वाटतं.

पुढच्या बुधवारी अमृत आला नाही.

शनिवारीही नाही. बरोबरच होतं. रजिस्टरं संपली होती. छप्परही नवीन पत्रा घालून झालं होतं, गळायचं बंद. कामच उरलं नव्हतं म्हणजे. मी दिवसातून दहा वेळा खिडकीपाशी जाऊन खुर्ची नीट लावत होते. शेवटी आबाच म्हणाले, "खुर्चीचं पाय झिजतील."

"त्यांचं काम झालं, आबा."

"व्हय? पुस्तक न्हेलंय की त्यानं. परत कुटं दिलंय?"

मी रजिस्टर बघितलं. 'वासंतीचा होकार'. मीटिंगच्या संध्याकाळी आबांनीच नोंद करून दिलेली. मुदत आठवड्याची, संपून दोन दिवस.

त्याच्या पुढच्या बुधवारी तो दारात उभा. कोरडा, भांग विस्कटलेला, हातात पुस्तक.

"आत येऊ का?"

"उशीर झालाय," मी रजिस्टरात बघत म्हणाले. "पुस्तकाला."

"तीनशे बारा पानं आहेत. आणि मी आधी समास वाचतो, मग पुस्तक." त्यानं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. "वासंती शेवटी हो म्हणते तिथं सारजाबाईंनी काय लिहिलंय, वाचलंत?"

"काय?"

"'किती उशीर केलास गं बये.'"

मी मान खाली ठेवूनच पुस्तक उघडलं. एक्कावन्नावं पान. आईचं पिंपळपान, आबांचा देठ, फणी, मोर, तीन टिंबं. नवीन खूण कुठंच नव्हती. मला काय वाटायला हवं होतं कोण जाणे, पण वाटलं खरं.

"तुम्ही खूण नाही केली."

"हिंमत नाही झाली. इथल्या ग्रंथपाल फार कडक आहेत." मग हळू आवाजात, "विचारून करावी म्हटलं. परवानगी असेल तर."

अठरा वर्षं मी पुस्तकावर रेघ ओढणाऱ्याकडून दंड घेत आलेय. मी टेबलाचा खण उघडला. आबांची निळी पेन्सिल बोटभर उरली होती. ती त्याच्यापुढं ठेवली.

तो वाकला. शिक्क्याच्या खाली जरा मोकळी जागा होती, तिथं त्यानं एक अर्धगोल काढला, कडेला दोन बारीक कान.

"हे काय? कढई?"

"घमेलं." तो वर न बघता म्हणाला. "प्रीती, माझी नोकरी अजून तासिकेवरचीच आहे. पुढच्या वर्षीचं मला माहीत नाही. पण पाऊस कुठंही गळो… ते घमेलं धरायला मला तुमच्या शेजारी उभं राहायचंय."

अभ्यासिकेत पानं उलटायचा आवाज बंद झाला होता. कोपऱ्यात आबांचा पेपर डोळ्यांच्या वर चढला होता.

मी त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाच्या पुस्तकावर हात चालवला. त्या घमेल्याच्या बरोबर वर, पडता पडता थांबलेला, एक थेंब काढला.

तो बघत राहिला. थेंबाकडं, मग माझ्याकडं.

"म्हणजे… हो?"

मी पुस्तक मिटलं, रजिस्टरात त्याच्या नावापुढं निळी रेघ मारली, आणि त्याच पुस्तकासाठी त्याच्याच नावानं नवीन तारीख टाकली.

"वासंतीला तीनशे बारा पानं लागली," मी म्हणाले. "आपण अजून एक्कावन्नावरच आहोत. बुधवारी या."